तीन तारखांचं लग्न

कायद्याने माझं लग्न मार्चमध्ये झालं, साखरपुडा जूनमध्ये झाला आणि खरं लग्न डिसेंबरमध्ये. आमच्या नात्यागोत्यात हे कुणालाही सांगा, कुणाची भुवई वर जाणार नाही. मुलगा परदेशी निघालेला असला की असंच करतात. आधी कचेरीत सह्या करून कागद हातात घ्यायचा, आणि मग मुहूर्त बघून, हॉल मिळाला की सवडीने लग्न लावायचं. पण ही रीत ज्याला ठाऊक नाही अशा माणसाने दूर कुठेतरी टेबलाशी बसून आमचे कागद तारखेवार लावले, तर त्याला काय दिसणार? मार्चमध्ये नवरा-बायको झालेले दोघे जूनमध्ये एकमेकांना अंगठ्या घालतायत आणि डिसेंबरमध्ये पुन्हा बोहल्यावर उभे आहेत. त्याला वाटलं, हा बनाव आहे. आता मला त्याचा फारसा राग येत नाही. तेव्हा यायचा. तेव्हा मला सगळ्यांचाच राग यायचा.

देशाचं नाव लिहीत नाही. मला अजून तिथेच राहायचं आहे.

माझे वडील, म्हणजे पप्पा, फौजेत सुभेदार होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण मी तिथे सलग महिनाभरही राहिलेली नाही. पप्पांची शेवटची पोस्टिंग जयपूरला होती. निवृत्त झाल्यावर आई म्हणाली, आता पेट्या भरून भरून माझे हात झिजले, मी इथून हलणार नाही. मग इथेच घर घेतलं आणि पप्पांनी सांगानेरला एका कागदाच्या कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसरची नोकरी धरली. तिथेही ते सकाळी साडेसहाला इस्त्रीच्या शर्टात हजर असायचे. कारखान्यातले लोक त्यांना ‘सुभेदारजी’ म्हणायचे आणि थोडे घाबरायचे. आम्ही घरी पप्पा म्हणायचो आणि तितकेच घाबरायचो.

नवरा पुण्याकडचा. जयपुरातल्याच सीतापुऱ्यात एका कंपनीत कामाला होता आणि तिलक नगरात एका मित्राबरोबर फ्लॅट घेऊन राहायचा. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत ओळख झाली. आरती सुरू होती आणि सगळ्यांत मोठ्याने, सगळ्यांत चुकीची आरती हा म्हणत होता. पुढची दोन वर्षं घरच्यांना न सांगता गेली आणि एक वर्ष सांगून. दोन्हीकडच्यांनी होकार दिला, आणि नेमकी तेव्हाच त्याला परदेशातली नोकरी लागली. एप्रिलमध्ये निघायचं होतं. सगळे म्हणाले, आधी रजिस्टर करून टाका.

म्हणून मार्च. महिनाभर आधी कचेरीत नोटीस लागली होती. त्या दिवशी मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि नेहमीचाच सलवार-कुर्ता घातला, कारण आई म्हणाली की शालू आत्ताच नेसलीस तर लग्नात काय नेसशील. साक्षीदार तिघे होते, पप्पा, आई आणि त्याचा तो तिलक नगरातला मित्र. दाराबाहेरून दोन हार घेतले, सह्या केल्या, एक फोटो काढला. कारकून हसून म्हणाला, “बधाई हो.” त्यावर आई पटकन म्हणाली, “अभी शादी कहाँ हुई है, भैया.” कारकुनाने हातातल्या शिक्क्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं आणि पुढच्या जोडीचा कागद ओढला. बाहेर उभ्या उभ्या आम्ही कचोरी खाल्ली आणि दीड वाजता मी ऑफिसात परत. माझ्या लग्नाच्या दिवशी मी दोन मीटिंगा केल्या. संध्याकाळी घरी वरण-भात होता. साधा शिराही नाही.

त्या दिवशी यातलं काही मला खटकलं नाही, हेही कबूल करते. आमच्यासाठी ते कागदाचंच काम होतं, गॅसचं कनेक्शन नावावर करून घ्यावं तसं. एप्रिलमध्ये ऑफिसने विम्याचा फॉर्म भरायला दिला तेव्हा मी त्यात ‘अविवाहित’ या चौकोनात खूण केली. कुणाला फसवायचं म्हणून नाही. खरंच तसंच वाटत होतं. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, मी आईच्या खोलीत झोपत होते, आणि पप्पा माझ्या कायदेशीर नवऱ्याला ‘पाहुणे’ म्हणत होते. आमच्याकडे ठरलेल्या पण न लागलेल्या नवरदेवाला पाहुणेच म्हणतात. जावई व्हायला अक्षता पडाव्या लागतात.

तो गेल्यावर मात्र मला घाई झाली. सर्टिफिकेट हातात आहे तर व्हिसाचा अर्ज आत्ताच करू, असं मी पप्पांना म्हणाले. पप्पा पेपर वाचत होते.

“सप्तपदी झाल्याशिवाय पोरगी घरातनं हलणार नाही,” ते म्हणाले.

“मग सप्तपदी लवकर करू.”

“गुरुजी बघतायत.”

गुरुजींनी काय बघितलं ते पप्पाच येऊन सांगायचे. माझं गुरुबळ कमी होतं. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचे होते. जूनमध्ये त्याला दहा दिवसांची सुट्टी मिळाली, तो आला. मी म्हटलं, आलाच आहे तर आता उरकून टाकू, माणसं कमी बोलवू. पप्पा म्हणाले, “मुहूर्तच नाही तर काय करणार.” मग आलाच आहे म्हणून साखरपुडा केला. केकवर तारीख घातली. त्या दहा दिवसांत माझा नवरा तिलक नगरात मित्राकडे राहिला. रोज संध्याकाळी आमच्याकडे जेवायला यायचा आणि बरोबर आठ वाजता पप्पा स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभे राहायचे. “चला पाहुणे, सोडतो.” तोही बिचारा हात धुऊन मुकाट मागच्या सीटवर बसायचा. मी खिडकीतून बघायची. मला हसूही यायचं आणि काहीतरी फेकून मारावंसंही वाटायचं.

डिसेंबरचं लग्न छान झालं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण त्यात कुणी काही चुकलं नाही. तो पंधरा दिवसांनी परत गेला आणि जानेवारीत मी अर्ज भरायला बसले.

टोंक रोडवर एक कन्सल्टंट होते. बोलणं गोड, टेबल स्वच्छ, भिंतीवर जगाचा नकाशा. ते म्हणाले, “मॅडम, जितना ज़्यादा प्रूफ, उतना अच्छा.” हे वाक्य मी इतकं मनावर घेतलं की घरात एक कागद म्हणून मागे ठेवला नाही. कचेरीतला फोटो, सर्टिफिकेट, साखरपुड्याचा अल्बम, केकसकट. लग्नपत्रिका, हॉलची पावती, मेहंदीचे फोटो. ऑफिसचा पुरावा मागितला म्हणून पगाराच्या कागदांबरोबर तो विम्याचा फॉर्मही गेला. फॉर्मवर एक प्रश्न होता, लग्नानंतर एकत्र कधीपासून राहता? मी खरं ते लिहिलं, डिसेंबरपासून. आणि लग्नाची तारीख सर्टिफिकेटवरची घातली, मार्च. कन्सल्टंटनी नजर टाकली. आईने देवापुढे ठेवून हळद-कुंकू लावलं. त्या गठ्ठ्यात तीन तारखा एकमेकींकडे डोळे वटारून बघत होत्या आणि आमच्यापैकी एकालाही त्या दिसल्या नाहीत. दिसणार कशा? आम्हाला त्यात विचित्र काही वाटतच नव्हतं.

फेब्रुवारीत मी राजीनामा दिला. हा माझा शहाणपणा. दोन महिन्यांत निघायचंच आहे, मग शेवटचे दिवस घरी काढू म्हटलं. बॅग भरली. मसाले, दोन कुकरच्या रिंगा, त्याच्यासाठी आईने शिवून घेतलेली गोधडी.

मग वाट बघणं. याबद्दल काय सांगायचं? सकाळी उठून वेबसाइट उघडायची, तिथे कालचंच वाक्य. दुपारी पुन्हा उघडायची. मार्च गेला, एप्रिल गेला. बॅगेतला मसाला खराब होईल म्हणून आईने काढून वापरायला घेतला. भाजी आणायला गेलं की पप्पांच्या जुन्या युनिटमधल्या कुणाची तरी बायको भेटायची. “अरे, गई नहीं अभी तक?” प्रत्येक वेळी तोच प्रश्न, त्याच काळजीच्या सुरात. मी भाजीला जाणं बंद केलं. नवऱ्याशी रोज सकाळी फोन व्हायचा, तेव्हा त्याच्याकडे रात्र असायची आणि तो दमलेला असायचा. मी काही न करता दमलेली असायची. आधी तासभर बोलायचो, मग अर्धा तास, मग “जेवलास?”, “जेवलो”, “काही आलं का?”, “नाही” एवढंच. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. भांडायलाही काहीतरी घडावं लागतं.

मे महिन्यात घडलं. ईमेल आला. तो मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचला, कूलरच्या आवाजात. तुमच्या नात्याच्या कागदपत्रांत विसंगती आढळते, असं लिहिलं होतं. विवाह मार्चमध्ये झाल्याचं म्हणता, पण त्यानंतरच्या कागदावर अर्जदार अविवाहित आहे, त्यानंतर साखरपुडा आहे, त्यानंतर पुन्हा विवाह आहे. जूनमध्ये पती भारतात आलेला असतानाही दोघे एकत्र राहिलेले नाहीत. हा विवाह केवळ व्हिसासाठी दाखवला आहे असं का समजू नये, याचा खुलासा तीस दिवसांत करा. नाही तर अर्ज नामंजूर होईल.

मी ते तीनदा वाचलं. सगळ्यांत वाईट हे की त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं.

त्या दिवशी फोनवर नवऱ्याने तो ईमेल मला पुन्हा वाचून दाखवायला लावला. मग म्हणाला, “नामंजूर झालं तर मी परत येतो.”

“आणि नोकरी?”

“बघू. मला आता नाही होत गं एकट्याने.” आणि मग, “जूनमध्ये तुझ्या पप्पांनी ऐकलं असतं तर…” आणि वाक्य तसंच सोडलं. त्याने ते पुरं केलं असतं तरी मी काही म्हणाले नसते. माझ्याही मनात तेच होतं.

परत येण्याची गोष्ट सोपी नव्हती. ती नोकरी त्याने तीन वर्षं खपून मिळवली होती. माझ्यामुळे सोडून आला असता तर आम्ही दोघांनी ते तोंडाने कधी काढलं नसतं, आणि रोज ताटात मात्र वाढलं असतं. मला त्याची भीती वाटत होती. व्हिसाची नव्हे, त्याची.

कन्सल्टंट म्हणाले, घाबरू नका, असं होतं. उपाय त्यांच्याकडे तयार होता. वडिलांचं शपथपत्र द्यायचं. त्यात लिहायचं की मार्चचं लग्नच खरं लग्न, घरच्यांनी त्याच दिवसापासून दोघांना नवरा-बायको मानलं, जूनचा कार्यक्रम फक्त पार्टी होती आणि जावई जूनमध्ये आमच्या घरीच राहिले. त्यांनी मजकूर टाइप करून दिला. “बस, पापाजी के साइन करवा लीजिए.”

पप्पा तेव्हा कारखान्यातून नुकतेच आले होते. चष्मा लावून त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवला.

“हे खोटं आहे.”

“पप्पा, एवढंच लागतंय.”

“पाहुणे इथं राहिले नव्हते. मी स्वतः सोडून यायचो.”

“मला माहितेय तुम्ही सोडून यायचात!” माझा आवाज चढला. “अख्ख्या कॉलनीला माहितेय!”

“मग? खोट्यावर माझी सही होणार नाही.”

आई मध्ये पडली. “अहो, पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे. कुणाचं काय जातंय?” पप्पांनी उठून शर्ट हँगरला लावला. त्यांची ही सवय मला लहानपणापासून माहीत आहे. बोलणं संपलं की शर्ट हँगरला.

पुढचे आठ-नऊ दिवस घरात कुणी धड बोललं नाही. बाहेर लूचा गरम वारा चालत होता, खिडक्या बंद, तिघे जण तीन कोपऱ्यांत. मी दोनदा विचारलं, ते दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही, बोलले. पप्पा चहा घेत होते. मी म्हटलं, “तुम्हाला मी इथेच सडलेली चालेल, पण तुमची सही खराब व्हायला नको.” आणखीही बोलले. लहानपणी घरी नव्हतात, आता आहात तर हे, असंही बोलले. ते बोलायला नको होतं. पप्पांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. त्या दिवशी ते रविवार असूनही कारखान्यात गेले.

मुदत संपायला बारा दिवस उरले होते तेव्हा एका सकाळी मी उठले तर पप्पा ड्युटीवर गेलेले आणि जेवणाच्या टेबलावर, मीठदाणीखाली, दोन पानं ठेवलेली. आईच्या किराण्याच्या वहीतली, रेघांची. पप्पांचं अक्षर, प्रत्येक ओळ सरळ. वर लिहिलं होतं, ‘बयान’, फौजेत जबानीला म्हणतात तसं. मग त्यांचं नाव, नंबर, पलटण. आणि खाली हे:

‘माझ्या मुलीचं लग्न मार्च महिन्यात कलेक्टर कचेरीत कायद्याने झालं. मी साक्षीदार होतो. सही माझी आहे. त्या दिवसापासून ती दोघं कायद्याने नवरा-बायको आहेत आणि त्यांना एकत्र राहायचं होतं. मुलीने मला तसं सांगितलं होतं. मी परवानगी दिली नाही. आमच्यात विधी झाल्याशिवाय मुलगी सासरी पाठवत नाहीत, हे कारण मी सांगितलं. ते कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही. जूनमध्ये गुरुजींनी दोन मुहूर्त काढून दिले होते. ते मी घरात दाखवले नाहीत. माझी बरीच नोकरी सीमेवर, घराबाहेर गेली. मुलगी वाढत होती तेव्हा मी घरी नव्हतो. ती आणखी काही महिने घरी राहावी असं मला वाटलं. जावई आले तेव्हा त्यांना मीच दुसरीकडे सोडून येत होतो. यात मुलीचा आणि जावयाचा दोष नाही. चूक माझी आहे.’

खाली सही आणि तारीख.

माझ्या डोक्यात आधी राग गेला. मुहूर्त होते! दोन होते! एक वर्ष मी माझ्या कुंडलीला दोष देत होते आणि हा माणूस कागद खिशात घालून ‘काय करणार’ म्हणत होता. जूनमध्ये लग्न लागलं असतं तर हा ईमेल आला नसता, हे तीन महिने नोकरीविना धूळ खात गेले नसते. मी ती पानं आईला नेऊन दाखवली. आईने चष्मा शोधला, वाचलं, आणि म्हणाली, “मला पण नाही सांगितलं.” मग ती ओट्याकडे वळली आणि पाठमोरीच उभी राहिली. मी पुन्हा वाचायला घेतलं आणि ‘मुलगी वाढत होती तेव्हा’ इथपर्यंत आल्यावर मला पुढचं वाचता येईना. मी रडले. स्वयंपाकघरातच, आईच्या पाठीला टेकून, मोठ्याने.

आता ते इंग्रजीत करायचं होतं. मराठीचा अधिकृत अनुवादक जयपुरात मला सापडला नव्हता, म्हणून ठरलं की मीच इंग्रजीत लिहायचं आणि पप्पांनी त्यावर नोटरीसमोर सही करायची. इंग्रजी त्यांना चांगलं वाचता येतं. सकाळभर मी त्या दोन पानांशी बसले. ‘पुरतं खरं नाही’ हे लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. मी ते एकदा गाळून पाहिलं. कुठल्या तरी अनोळखी माणसाने पप्पांचं हे वाचावं, हे मला सहन होत नव्हतं. कन्सल्टंटकडे नेलं तर त्यांनीही तिथेच बोट ठेवलं. “मॅडम, ये मुहूर्त वाला हिस्सा हटा दीजिए. अपनी गलती कौन लिखकर देता है?”

संध्याकाळी मी पप्पांना तसं सांगितलं. रविवारनंतर त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य होतं, आणि त्यात मुहूर्ताचं नाव घेताना माझी जीभ अडखळली.

“काढायचं नाही,” ते म्हणाले. “अर्धं बयान म्हणजे बयान नव्हे.”

“पप्पा, मला तेव्हाच सांगितलं असतंत तर…”

“तर तू राहिली असतीस का?”

मी खोटं बोलू शकले असते. “नाही,” म्हटलं.

त्यांनी मान हलवली. “म्हणून नाही सांगितलं.” एवढंच बोलणं झालं. शर्ट हँगरला लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं स्कूटरवरून नोटरीकडे गेलो. त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट फिरवत सगळं वाचलं, एका ठिकाणी थांबले, “बरोबर,” म्हणाले आणि सही केली. त्याबरोबर मी माझा खुलासा जोडला. रीत कशी असते, कोणती तारीख कशाची, आणि विम्याच्या फॉर्मवर मी ते का लिहिलं. गुरुजींनीही मुहूर्ताचे कागद दिले. त्यांची दुसरी प्रत त्यांनी आपल्या वहीत जपून ठेवली होती. मुदतीच्या तीन दिवस आधी सगळं पाठवलं.

मग पुन्हा तीच वेबसाइट, तेच वाक्य. पण या वेळी घरात बोलणं होतं. आईने पप्पांशी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तिला गॅसची टाकी बदलायला कुणीतरी हवं होतं म्हणून सोडला. मी पुन्हा भाजीला जायला लागले. नवऱ्याला मी पप्पांचं मूळ बयान फोटो काढून पाठवलं होतं.  दोन दिवसांनी त्याने पप्पांनाच फोन लावला. काय बोलले ते मला दोघांनीही सांगितलेलं नाही. पप्पा गच्चीवर जाऊन बोलले आणि येताना वाळलेले कपडे घेऊन आले, जे काम त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

ऑगस्ट सुरू झाला आणि पासपोर्ट आला. व्हिसा केंद्रातून पाकीट घेऊन मी बाहेरच फोडलं, पायरीवर उभी राहून. व्हिसा लागला होता. मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर मला फक्त बसावंसं वाटलं. पायरीवरच बसले. एक बाई माझ्या बाजूने गेल्या आणि काय झालं, पाणी हवंय का, म्हणून विचारू लागल्या. त्यांना वाटलं, माझा नामंजूर झाला.

घरी आल्यावर पप्पांनी पासपोर्ट हातात घेतला आणि व्हिसाचा कागद उजेडात धरून बारीक अक्षरापर्यंत वाचला.

“नव्वद दिवसांत तिथं पोचायचं आहे,” ते म्हणाले.

“नव्वद म्हणजे चिक्कार झाले,” आई म्हणाली. ती बोटं मोजायलाही लागली होती. “गौरी-गणपती होऊ देत. माहेरची म्हणून एकदा ओटी भरते, मग जा. सप्टेंबरात हवा पण बरी असते.”

 फेब्रुवारीपासून बॅग भरून बसलेली मी, त्या क्षणी मला सप्टेंबर अगदी योग्य वाटत होता. मी पप्पांकडे बघत होते. वाटत होतं, हा माणूस आता म्हणेल, हो, गणपती करूनच जाऊ दे. मी लटका राग दाखवणार होते आणि राहणार होते.

पप्पांनी कागद पासपोर्टात सरकवला आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला.

“पहिलं मिळेल ते तिकीट काढ.”

“अहो, महिन्याभराचा तर प्रश्न आहे,” आई म्हणाली.

आणि मला राग आला. खरंच आला, तोच जुना. मी म्हटलं, “तेव्हा आठ महिने अडवलंत. आता एक महिना राहा म्हणवत नाही?”

पप्पांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

“आठ महिने ठेवून घेतलं, मन भरलं नाही,” ते म्हणाले. “महिन्यानं काय भरणार आहे?”

आई वळून आत गेली. मी तिथेच टेबलाशी बसले, फोन काढला आणि शनिवारचं तिकीट काढलं.